विश्वाच्या विराटपणाचे भय आणि विस्मय

काळोख्या, निरभ्र रात्री आकाश पाहताना, किंवा विश्वातील अंतरे मनाने मोजू पाहताना, उठणारी दुहेरी भावना. छाती दडपणारी धास्ती आणि नजर न हटू देणारे नवल या भावनेत एकाच वेळी असतात; त्यातले आधी कोणते आले हे अनुभवणाऱ्यालाही सांगता येत नाही. मराठीत तिला एकशब्दी नाव नाही. पण ‘अंगावर काटा येणे’ हा आपला वाक्प्रचार भुताच्या गोष्टीलाही चालतो आणि सुरेल तानेलाही. शरीराला हा फरक कळत नसावा. विश्वरूप पाहणाऱ्या अर्जुनाचे वर्णन करताना गीतेने वापरलेला शब्द हाच आहे : ‘विस्मयाविष्टो हृष्टरोमा’, म्हणजे विस्मयाने व्यापलेला आणि रोमांच उभे राहिलेला.

आकाशाची दुसरी एक भीती याहून जुनी आणि वेगळी आहे. शेंडेनक्षत्र उगवले की राजा मरणार, ग्रहणात अन्न विटाळणार ही अनिष्टाची भीती झाली. १९१० साली हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीतून पृथ्वी जाणार आणि त्या शेपटीत विषारी वायू आहे अशी बातमी पसरली, तेव्हा युरोप-अमेरिकेत लोकांनी दारे-खिडक्यांच्या फटी बुजवल्या आणि धूमकेतूवरच्या गोळ्याही विकत घेतल्या. या भीतीत आकाशाचे आपल्याकडे लक्ष आहे हे गृहीत असते. विराटपणाची भीती नेमकी उलटी आहे. वर जे आहे त्याला आपली दखलच नाही, या जाणिवेतून ती येते. म्हणून ती शांतीकर्माने जात नाही.

अंतरांची कल्पना यावी म्हणून एक हिशोब. पृथ्वी दोन मिलिमीटरच्या मोहरीएवढी मानून ती मुंबईत ठेवली, तर सूर्य होईल फुटबॉलएवढा आणि असेल क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा थोडा लांब, साडेतेवीस मीटरवर. इथवर सगळे एका मैदानात मावते. पुढचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, मात्र सुमारे ६,३०० किलोमीटरवर, म्हणजे बर्लिनच्या आसपास ठेवावा लागतो. प्रत्यक्षात तो ४.२४ प्रकाशवर्षे (प्रकाश एका वर्षात जाईल ते अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष) दूर आहे. आपल्या आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे, आणि दिसू शकणाऱ्या विश्वाचा सुमारे ९,३०० कोटी. या शेवटच्या आकड्यापाशी भीती बहुधा वाटत नाही, कारण तिथे मनाने मोजणेच सोडलेले असते. पोटात खड्डा पडतो तो मैदान संपून बर्लिन येते तिथे.

हे अंतर माणसाला नेहमीच ठाऊक नव्हते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील खगोलज्ञ टॉलेमीच्या हिशोबात ताऱ्यांचा गोल पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे २०,००० पट अंतरावर, म्हणजे जेमतेम पावणेतेरा कोटी किलोमीटरवर होता. सूर्य वास्तवात सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. युरोपने आणि अरब जगाने हजारभर वर्षे ज्याला अवघे विश्व मानले, त्याची हद्द पृथ्वीपासून खऱ्या सूर्यापर्यंतही पोहोचली नसती.

भारतीय सिद्धांतग्रंथांत, म्हणजे खगोलगणिताच्या ग्रंथांत, चित्र वेगळे दिसते. सूर्यसिद्धांतात ब्रह्मांडाचा परीघ १८,७१,२०,८०,८६,४०,००,००० योजने दिला आहे. ही संख्या कवीची नाही, गणिताची आहे. एका कल्पात, म्हणजे ४३२ कोटी वर्षांत, प्रत्येक ग्रह सारखेच अंतर चालतो असे गृहीत धरून चंद्राच्या कक्षेचा परीघ (३,२४,००० योजने) त्याच्या कल्पातील फेऱ्यांनी (५७,७५,३३,३६,०००) गुणला की ती मिळते. त्याच ग्रंथातील पृथ्वीच्या १,६०० योजने व्यासावरून योजनाचे माप काढले, तर हा परीघ पंधरा-सोळा हजार प्रकाशवर्षांच्या घरात जातो. गृहीतक चुकीचे होते, तरी एवढा मोठा आकडा पंडितांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला आणि त्याने कोणाची झोप उडाल्याचे दिसत नाही. याचे कारण त्या ब्रह्मांडाच्या रचनेत आहे. ते अफाट होते, पण बंद होते. मध्यभागी पृथ्वी होती, तिच्या मध्यावर मेरू होता, आणि सात द्वीपांपैकी आपण जंबुद्वीपात राहतो हे प्रत्येकाला माहीत होते. पूजेच्या संकल्पात आजही ‘जंबुद्वीपे भरतवर्षे’ म्हणत यजमान आपला पूर्ण पत्ता सांगतो. भय आकाराचे कमी आणि पत्ता हरवण्याचे जास्त, असे या उदाहरणावरून म्हणता येते.

युरोपात तो पत्ता कोपर्निकसने (१५४३) हलवला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तर वर्षभरात तारे किंचित सरकलेले दिसायला हवेत. ते दिसत नव्हते, म्हणजे एक तर पृथ्वी स्थिर असावी किंवा तारे कल्पनेपलीकडे दूर असावेत. शनी आणि तारे यांच्यामध्ये एवढी रिकामी पोकळी देव कशाला ठेवील, हा खगोलज्ञ ट्यूको ब्राहेचा आक्षेप होता. (ताऱ्याचे हे सरकणे अखेर १८३८ मध्ये बेसेलने हंस तारकासमूहातील एका ताऱ्याबाबत मोजले.) विश्व अनंत आहे असे सांगणारा जॉर्दानो ब्रूनो १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममध्ये जिवंत जाळला गेला, अर्थात त्याच्यावरचे आरोप बहुतांशी धर्ममतांचे होते. १६०४ मध्ये दिसलेल्या नव्या ताऱ्यावर खगोलज्ञ योहानेस केप्लरने १६०६ साली ग्रंथ लिहिला. त्यात ब्रूनोच्या अनंत विश्वाच्या नुसत्या विचारानेच एक गुप्त, दडलेली धास्ती वाटते असे तो म्हणतो, आणि कारणही देतो : ज्याला सीमा नाही आणि केंद्र नाही, त्यात कोणतेही ठरावीक स्थान उरत नाही. पृथ्वीला केंद्रातून हलवण्याची केप्लरची तयारी होती, केंद्रच काढून टाकण्याची नव्हती.

या भावनेचे सर्वांत प्रसिद्ध वाक्य फ्रेंच गणिती-विचारवंत ब्लेझ पास्कालचे (१६२३–१६६२) आहे : या अनंत अवकाशांचे चिरंतन मौन मला घाबरवते. त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या टिपणांतले हे वाक्य त्याचे स्वतःचे, की तो ज्याची समजूत घालू पाहत होता त्या नास्तिकाच्या तोंडचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यातला मोलाचा शब्द ‘मौन’ आहे. जुन्या आकाशाचे गोल फिरताना संगीत उमटते अशी समजूत होती. नव्या आकाशात ते थांबले. त्याच टिपणांत पास्काल असेही म्हणतो की अवकाशाने विश्व मला एखाद्या ठिपक्यासारखे गिळते, पण विचाराने मी विश्वाला कवेत घेतो.

केप्लरची तक्रार गीतेच्या अकराव्या अध्यायात जवळजवळ त्याच क्रमाने आहे. ‘नान्तं न मध्यं न पुनस्तवादिं पश्यामि’, म्हणजे तुझा शेवट, मध्य, आरंभ काहीच दिसत नाही, असे अर्जुन म्हणतो. नंतर ‘दिशो न जाने’, मला दिशा कळेनाशा झाल्या. मग तो आपली अवस्था एका श्लोकात सांगतो : ‘अदृष्टपूर्वं हृषितोऽस्मि दृष्ट्वा भयेन च प्रव्यथितं मनो मे’. पूर्वी कधी न पाहिलेले पाहून मी हर्षलो आहे, आणि भयाने माझे मन व्याकूळही झाले आहे. मागणी कोणती, तर ते पहिले ओळखीचे रूप परत दाखव. यशोदेचेही असेच झाले. भागवताच्या दशम स्कंधात कृष्णाच्या तोंडात तिला सगळे विश्व दिसते, त्यात गोकुळ आणि स्वतः ती सुद्धा. ती गोंधळते, शंकित होते. मग माया तिला ते विसरायला लावते आणि ती मुलाला मांडीवर घेते. विराटदर्शन फार वेळ सोसत नाही, हे दोन्ही कथांना ठाऊक आहे.

ज्ञानेश्वरीने (शके १२१२, इ. स. १२९०) या अध्यायाची रससंगती लावली. भरताच्या नाट्यशास्त्रात विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायीभाव (रसाच्या मुळाशी असलेली भावना), तर भय भयानकाचा; शांत रसाला मान्यता मिळाली ती नंतरच्या चर्चेत. विश्वरूपाला भयानक रस सहज शोभला असता. पण ज्ञानदेव अध्यायाच्या तोंडीच सांगतात की इथे ‘शांताचिया घरा । अद्भुत आला आहे पाहुणेरा’. घर शांताचे, अद्भुत पाहुणा, आणि इतर रस त्याच्या पंगतीला बसलेले. भय नाकारलेले नाही, त्याला पंगतीत पान वाढले आहे. यजमानपण तेवढे दिलेले नाही. या भावनेची याहून नेटकी मांडणी या नोंदकर्त्याच्या पाहण्यात नाही. तुकारामांनी तर मापच उलटवले : ‘अणुरेणियां थोकडा । तुका आकाशाएवढा’. इथे ठिपका आणि आकाश हे एकाच माणसाचे दोन आकार होतात.

अठराव्या शतकात युरोपीय सौंदर्यशास्त्राने या अनुभवाला ‘उदात्त’ या संज्ञेखाली आणले. एडमंड बर्कने १७५७ मध्ये भयाला उदात्ताचे मूळ ठरवले, मात्र धोका प्रत्यक्ष अंगावर येत नसेल तरच. इमॅन्युएल कांटने १७८८ मध्ये लिहिले की दोन गोष्टी मनाला सतत नव्या आदराने भरतात, डोक्यावरचे तारांकित आकाश आणि आपल्या आतला नैतिक नियम; पहिली माणसाचे प्राणी म्हणून असलेले महत्त्व पुसून टाकते, दुसरी त्याची किंमत परत देते. जर्मन धर्मचिंतक रूडोल्फ ओटो यांनी १९१७ मध्ये पवित्राच्या अनुभवात थरकाप आणि ओढ ही जोडी असते असे मांडले, आणि त्यासाठी गीतेच्या याच अध्यायाचा दाखला घेतला.

विसाव्या शतकात विश्व पुन्हा एकदा वाढले, तेही थोड्या वर्षांत. सूर्य आकाशगंगेच्या मध्यात नाही हे हार्लो शॅप्ली यांनी १९१८ च्या सुमारास दाखवले, पण आकाशगंगा म्हणजेच सारे विश्व असे त्यांना वाटे. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून देवयानी (अँड्रोमेडा) तेजोमेघात एक रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा, तारा सापडला. त्याच्या चमकण्याच्या कालावधीवरून अंतर काढल्यावर देवयानी आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर असल्याचे दिसले. हबल यांचे पत्र आले तेव्हा शॅप्ली यांनी ते शेजारी असलेल्या खगोलज्ञ सिसिलिया पेन यांना दाखवून, या पत्राने माझे विश्व उद्ध्वस्त केले, अशा अर्थाचे उद्गार काढल्याची आठवण पेन यांनी नोंदवली आहे. देवयानीचे अंतर आज सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानतात. १४ फेब्रुवारी १९९० रोजी, खगोलज्ञ कार्ल सेगन यांच्या आग्रहावरून, व्हॉयेजर १ यानाने सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून पृथ्वीचे छायाचित्र घेतले. त्यात ती एका पिक्सेलहूनही लहान आहे.

सगळेच या भावनेला मान देत नाहीत. केंब्रिजचा तरुण गणिती-तत्त्वज्ञ फ्रँक रॅम्झी याने १९२५ मध्ये मित्रमंडळीपुढे वाचलेल्या निबंधात स्पष्ट म्हटले की आकाशाच्या अफाटपणापुढे मला जराही नम्र वाटत नाही. तारे मोठे असतील, पण त्यांना विचार करता येत नाही की प्रेम करता येत नाही. स्वतःचे वजन जवळजवळ सतरा स्टोन, म्हणजे शंभर किलोंच्या वर आहे, याचे श्रेय मी घेत नाही, असेही तो सांगतो. युक्तिवाद बिनतोड आहे. पण तो आकाराविषयी आहे, ठावठिकाण्याविषयी नाही.

मानसशास्त्राने हा विषय उशिरा हाती घेतला. डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट यांनी २००३ मध्ये विस्मयाची दोन अंगे सांगितली : समोरचे प्रचंड वाटणे, आणि ते आपल्या मनातल्या चौकटीत न बसल्यामुळे चौकटच बदलावी लागणे. चौकट बदलता आली नाही की भय उरते, असे त्यांच्या मांडणीतून निघते. आकाशाच्या भीतीची काही नावे प्रचलित असली तरी ते स्वतंत्र निदान नाही. ती रोजच्या जगण्याच्या आड येऊ लागली तर डॉक्टर तिला विशिष्ट वस्तूंच्या भयगंडांत धरतात. लहान मुलांना ‘आकाश कुठे संपते?’ या प्रश्नापाशी ती बहुधा पहिल्यांदा भेटते, आणि ‘संपत नाही’ हे उत्तर ऐकून ती उगीच आईला बिलगतात.

शहरांत आता ही भावना येण्याची सोयच कमी झाली आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाशप्रदूषणाच्या जागतिक नकाशानुसार जगातील ८० टक्क्यांहून अधिक लोक उजळलेल्या आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांश लोकांना आकाशगंगेचा पट्टा दिसतच नाही. महाराष्ट्रात पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (स्थापना १९४४) आणि मुंबईचे खगोल मंडळ यांसारख्या हौशी संस्था अंधाऱ्या जागी आकाशदर्शन घडवतात. मुंबईकरांसाठी वांगणी हे त्याचे जुने ठिकाण. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातल्या गावांमधले रस्त्यांचे दिवे बदलून त्यांची तोंडे जमिनीकडे वळवण्यात आली.