पार्श्वभूमी : अमेरिकी वैमानिकांच्या करारात फर्लोवरून फूट का पडते?

अमेरिकेत वैमानिकांसमोर नवा करार मतदानाला आला की कॉकपिटमधले दोघे तोच मसुदा वेगवेगळ्या पानांवर उघडतात. डाव्या खुर्चीतला कॅप्टन पगाराचा तक्ता आधी बघतो. उजवीकडचा, नुकता लागलेला फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, फर्लोचं कलम शोधतो.

फर्लो म्हटलं की आपल्याला कैद्याची रजा आठवते. तिथल्या वैमानिकांसाठी मात्र ती सक्तीची, बिनपगारी घरवापसी असते. मंदी येते, विमानं उभी राहतात आणि जो सर्वांत शेवटी लागला तो सर्वांत आधी घरी जातो. परत बोलावलं जाण्याचा हक्क शाबूत असतो. बोलावणं कधी येईल, हे मात्र कुणी सांगत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी ज्येष्ठता यादी आहे. रुजू होण्याच्या तारखेवरून मिळालेला एक आकडा सगळं ठरवतो : कुठलं विमान, कुठला तळ, कॅप्टनपद कधी, नाताळची सुट्टी मिळणार की नाही. हा आकडा दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. वीस वर्षं विमान चालवलेला कॅप्टन कंपनी बुडाली तर दुसरीकडे यादीच्या तळाशी, नवख्याच्या पगारावर लागतो. त्यामुळे नाराज माणूसही कंपनी सोडत नाही, आणि भांडण घरातच राहतं.

वैमानिकांची सर्वांत मोठी संघटना, एअर लाइन पायलट्स असोसिएशन, १९३१ मध्ये स्थापन झाली. १९३६ मध्ये रेल्वे कामगारांचा कायदा विमान कंपन्यांना लागू झाला. या कायद्याखाली जुना करार मुदतीनंतरही चालूच राहतो, आणि सरकारी मध्यस्थ मंडळाने मोकळीक दिल्यावर आणखी ३० दिवस थांबल्याशिवाय संप करता येत नाही. वाटाघाटी वर्षानुवर्षं रेंगाळतात त्या यामुळेच.

१९७८ पर्यंत भाडी आणि मार्ग सरकार ठरवत असे, म्हणून पगारवाढ तिकिटात मिसळून जायची. नियंत्रण उठलं आणि ती सोय संपली. १९८३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘बी-स्केल’ आणली : आहेत त्यांचे पगार तसेच, नव्याने येणाऱ्यांना कमी. या फुटीची सुरुवात मला तिथेच दिसते, कारण ज्यांच्या पगाराला कात्री लागणार होती ते अजून नोकरीला लागलेच नव्हते आणि त्यांना मत नव्हतं. १९८५ मध्ये युनायटेडचे वैमानिक याच दुहेरी पगाराच्या प्रश्नावर २९ दिवस संपावर गेले.

मग ११ सप्टेंबर २००१ उजाडला. डेल्टाच्या वैमानिकांच्या करारात फर्लो न करण्याची हमी होती. कंपनीने करारातल्याच अपवादावर, म्हणजे आवाक्याबाहेरच्या आपत्तीच्या कलमावर, बोट ठेवलं आणि हजाराहून अधिक वैमानिकांना घरी पाठवलं. प्रकरण लवादापुढे गेलं. तेव्हापासून अनुभवी वैमानिक हमीचं वाक्य वाचून थांबत नाही. त्याखालचे अपवाद तो दोनदा वाचतो.

त्यानंतर दिवाळखोऱ्यांची रांग लागली. यूएस एअरवेज आणि युनायटेड २००२ मध्ये, डेल्टा आणि नॉर्थवेस्ट २००५ मध्ये एकाच दिवशी. वैमानिकांनी नोकऱ्या टिकाव्यात म्हणून पगारकपात मान्य केली. तरीही फर्लो झाले, आणि यूएस एअरवेज व युनायटेडमध्ये पेन्शन योजनाही गुंडाळल्या गेल्या. २००७ च्या डिसेंबरात निवृत्तीचं वय ६० वरून ६५ झालं. वरच्यांना पाच वर्षं जास्त मिळाली, खालच्यांची बढती तेवढीच लांबली. पाठोपाठ २००८ ची मंदी आली आणि युनायटेडमध्ये १,४३७ जण पुन्हा घरी गेले. त्यातल्या काहींची ही दुसरी खेप होती.

फर्लोची जखम किती खोल जाते, ते यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या दोन विमान कंपन्यांच्या विलीनीकरणात दिसलं. दोन याद्या एक करायच्या होत्या. मे २००७ मध्ये लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी निवाडा दिला आणि घरी बसलेल्या वैमानिकांना तळाशी ठेवलं. यूएस एअरवेजमध्ये पंधरा वर्षांहून अधिक काळ काढलेला माणूस, अमेरिका वेस्टमध्ये विलीनीकरणाच्या काही महिने आधी लागलेल्या वैमानिकाच्या शेजारी किंवा खाली गेला. संतापाच्या भरात यूएस एअरवेजच्या वैमानिकांनी २००८ मध्ये आपली जुनी संघटनाच, म्हणजे एअर लाइन पायलट्स असोसिएशन, मतदानाने बाहेर काढली. ‘ईस्ट’ (जुने यूएस एअरवेजवाले) आणि ‘वेस्ट’ (अमेरिका वेस्टवाले) हा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला. अमेरिकन एअरलाइन्समध्ये सामील झाल्यानंतर, २०१६ मध्ये कुठे सगळ्यांची एक यादी ठरली.

इतकं सगळं पाठीशी असताना २०२० ची महामारी आली. केंद्र सरकारने पगारांसाठी पैसे दिले, पण ३० सप्टेंबरपर्यंत कुणाला काढायचं नाही या अटीवर. १ ऑक्टोबरला अमेरिकनचे सुमारे १,६०० वैमानिक घरी गेले. युनायटेडमध्ये २,८५० जणांची पाळी येणार होती. तिथे वेगळा तोडगा निघाला : कमी झालेले उड्डाणतास सुमारे १३ हजार वैमानिकांत वाटून घ्यायचे आणि जून २०२१ पर्यंत कुणालाही सक्तीने काढायचं नाही. बाजूने ५८ टक्के मतं पडली. बाकीच्यांना सरसकट स्वार्थी म्हणणं सोपं आहे, पण ते पटत नाही. २००२ नंतर सोडलेला पगार परत मिळवायला किती वर्षं लागली, हे त्यांच्यातल्या अनेकांनी भोगलं होतं. ‘एकदा दिलं की गेलं’ हा त्यांचा मुद्दा होता. खालच्यांचं म्हणणं साधं होतं : कमी तासांचा पगार मिळाला तरी चालेल, पण कामावर राहू द्या. डेल्टाच्या वैमानिकांनी हमीच्या तासांत, म्हणजे ज्यांचा पगार मिळणारच अशा किमान तासांत, पाच टक्के कपात स्वीकारली. तिथे सुमारे १,७०० जण वाचले.

कंपनी अशा तडजोडीला तयार का होते, त्याचं कारण सिम्युलेटरमध्ये आहे. तळाचे लोक लहान विमानांवर असतात. ते गेले की त्या खुर्च्या वरच्यांनी भरायच्या. मोठं विमान उडवणारा खाली येतो, त्याने ज्याला सरकवलं तो आणखी खाली. प्रत्येकाला त्या त्या विमानाचं प्रशिक्षण नव्याने द्यावं लागतं, त्यात आठवडे जातात आणि पैसाही. प्रवासी परत आले की हाच खेळ उलट्या दिशेने. वाटाघाटीच्या टेबलावर संघटनेच्या हातात असलेला हा सर्वांत मजबूत पत्ता, आणि नेमका हाच मुद्दा सभासदांना नीट समजावला जात नाही.

महामारी ओसरताच वैमानिकांचा तुटवडा पडला आणि वारं फिरलं. २०२२ च्या नोव्हेंबरात युनायटेडच्या वैमानिकांनी समोर आलेला करार ९४ टक्के मतांनी फेटाळला आणि पुढच्या वर्षी बराच चांगला पदरात पाडून घेतला. डेल्टातही २०२३ मध्ये भरघोस वाढ झाली. फर्लो जुन्या लोकांच्या आठवणीपुरता उरला, असं वाटू लागलं. स्पिरिट एअरलाइन्सच्या वैमानिकांनीही जानेवारी २०२३ मध्ये मोठ्या पगारवाढीचा करार मंजूर केला होता. १ सप्टेंबर २०२४ ही तारीख टाकून तिथल्या १८६ जणांना फर्लोची नोटीस गेली. त्यानंतर आणखी ३३० जणांची यादी निघाली, ३१ जानेवारी २०२५ ची.