खुबा मोडल्यावर: हाड जोडण्यापासून माणूस उठवण्यापर्यंत

घरातले वयस्कर माणूस मोरीत घसरून पडले आणि पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, की बहुतेक वेळा खुबा मोडलेला असतो. पूर्वी यावर ठरलेला उपाय असे. पायाला चिकटपट्टी, पट्टीला दोरी, दोरीला वाळूची पिशवी नाहीतर सरळ विटा. खाटेच्या पायथ्याखाली आणखी दोन विटा. असे सहा ते बारा आठवडे पडून राहायचे. हाड कधी जुळे, कधी वाकडे जुळे. माणूस मात्र छातीत कफ साठून, कमरेला जखमा होऊन किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन जाई. कारण विचारले तर उत्तर मिळे, ‘वय झालं होतं.’

या पडून राहण्यातला धोका दोनशे वर्षांपूर्वीच ओळखला गेला होता. लंडनचे शल्यचिकित्सक अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२२ मध्ये खुब्याच्या मोडीचे दोन प्रकार वेगळे केले. एक सांध्याच्या पिशवीच्या आतली, दुसरी बाहेरची. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या हाडाच्या मानेवरून वर चढतात. मान पिशवीच्या आत मोडून सरकली की त्या तुटतात आणि गोळा उपाशी राहतो, म्हणून ही मोड जुळत नाही. बाहेरच्या भागाला रक्त भरपूर. तिथे हाड जुळते, पण आधार दिला नाही तर वाकडे. आजही ‘बॉल बदलायचा’ की ‘रॉड टाकायचा’ हा निर्णय मुख्यतः याच भेदावर होतो. आतली मोड जुळत नाही हे पाहून कूपर वृद्ध रुग्णाला दुखणे थोडे ओसरताच उंच खुर्चीत बसवायला आणि कुबड्या द्यायला सांगत. हाड गेले तरी चालेल, माणूस राहू दे, असा तो हिशेब होता. पुढच्या शतकाने तो विसरून टाकला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे रॉयल व्हिटमन पाय फाकवून छातीपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर घालू लागले. त्यात काही हाडे जुळली हे खरे, पण सत्तरीच्या माणसाला महिनोन्‌महिने त्या कवचात ठेवणे ही शिक्षाच होती.

बोस्टनच्या मारियस स्मिथ-पीटरसन यांनी १९३१ मध्ये तीन पात्यांच्या खिळ्याची माहिती प्रसिद्ध केली आणि चित्र पालटले. पात्यांमुळे गोळा खिळ्याभोवती फिरत नसे. लगेच, १९३२ मध्ये, स्वीडनच्या स्वेन योहानसन यांनी मधून पोकळ खिळा आणला. आधी बारीक तार घालायची, क्ष-किरणाने जागा तपासायची, मग तारेवरून खिळा ठोकायचा. सांधा उघडायची गरज उरली नाही. न जुळणाऱ्या गोळ्याच्या जागी धातूचा गोळा बसवण्याची वाट अमेरिकेतील ऑस्टिन मूर यांनी १९४० च्या दशकात खुली केली. त्यांच्या नावाचा गोळा स्वस्त असल्याने भारतात अनेक दशके चालला. तो सिमेंटशिवाय बसतो. ठिसूळ झालेल्या हाडाची नळी आतून रुंद झालेली असते, त्यामुळे गोळ्याचा नळीत बसवलेला दांडा सैल होतो, हळूहळू खाली उतरतो आणि चालताना मांडी दुखते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत तर आधुनिक बिनसिमेंटच्या गोळ्यांपेक्षाही सिमेंटने बसवलेल्यांचे जीवनमान चांगले राहिले आणि गोळ्याभोवतीचे हाड पुन्हा मोडण्याचे प्रमाण कमी निघाले.

अवजारे सुधारली, तरी रुग्ण खाटेवरच होता. ही खोड मोडण्याचे श्रेय हाडांच्या डॉक्टरांइतकेच वृद्धांची काळजी घेणाऱ्यांचे आहे. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरन यांनी १९३५ पासून ‘कायमचे अंथरुणाला खिळलेले’ म्हणून टाकून दिलेल्यांना तपासले, उठवले आणि कित्येकांना घरी पाठवले. १९४७ मध्ये रिचर्ड अ‍ॅशर यांनी अंथरुणात पडून राहण्याने शरीराच्या एकेका संस्थेचे काय होते याचा बोचरा पाढाच वाचला. पुढे इंग्लंडच्या हेस्टिंग्ज गावी अस्थिशल्यचिकित्सक मायकेल डेव्हास आणि वृद्धरोगतज्ज्ञ बॉबी अर्वाइन एकाच वॉर्डात एकत्र फेरी मारू लागले. हाड एकाचे, माणूस दुसऱ्याचा, ही वाटणी तिथे संपली. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. कोणताही स्क्रू याच्यापुढे लहान आहे.

आजचे नियम त्यातूनच आले. दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया, आणि त्यानंतरच्या दिवशी पायावर उभे करणे, हे ब्रिटनच्या २०११ च्या मार्गदर्शनात लिहिलेले आहे. मग सहा तासांत केली तर आणखी बरे का? भारतासह १७ देशांतल्या २,९७० रुग्णांवर हे तपासले गेले. २०२० मध्ये आलेल्या निकालात निदानानंतर सरासरी ६ तास आणि २४ तास या दोन गटांत ९० दिवसांतील मृत्यूंमध्ये ठोस फरक नव्हता; मात्र लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत भ्रमिष्टपणा कमी होता आणि ते लवकर चालू लागले. म्हणजे काही तासांचा उशीर जीवघेणा नाही. ‘आधी शुगर, मग इको, मग सोमवार’ करत गेलेले चार-पाच दिवस मात्र महागात पडतात.

दुसरी धारा हाडाच्या ठिसूळपणाची. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे पोकळ होतात हे फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ मध्ये मांडले, हाडांची घनता मोजायचे डेक्सा यंत्र १९८० च्या दशकाच्या शेवटी आले, आणि त्यावरचा आकडा (टी-स्कोअर) उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ठिसूळपणा, ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली. या रेषेमुळे एक गैरसमजही पसरला, की आकडा पाहिल्याशिवाय ठिसूळपणा म्हणायचाच नाही. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला असेल, तर तोच ठिसूळपणाचा पुरावा आहे. डेक्सासाठी औषध अडवून ठेवायचे कारण नाही.

खुबा मोडलेल्यांवरच औषध तपासणारी मोठी चाचणी २००७ मध्ये आली. शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रोनिक आम्लाचे ५ मि.ग्रॅ. सलाइन, पुढे वर्षातून एकदा. एकूण २,१२७ रुग्ण. नवीन अस्थिभंग १३.९ टक्क्यांवरून ८.६ वर आले, मृत्यू १३.३ वरून ९.६ टक्क्यांवर. चाचणीत सलाइनच्या आधी ‘ड’ जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिला जाई, आणि ही पायरी गाळली की रक्तातले कॅल्शियम धाडकन खाली येऊ शकते. म्हणून क्रम असा: ‘ड’ भरून काढणे, क्रिएटिनिन पाहणे (मूत्रपिंडाची क्षमता मिनिटाला ३५ मि.लि.पेक्षा कमी असेल तर हे औषध नाही), दातांची मोठी कामे आधी उरकणे, शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवडे थांबणे, मग किमान १५ मिनिटांत सलाइन. पहिल्या खेपेला दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येते. पॅरासिटामॉल पुरते, पण आधी सांगितले नाही तर घरचे पुढच्या वर्षी येत नाहीत.

‘ड’ची गोष्ट जपून सांगावी लागते. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतील ३,२७० स्त्रियांना रोज १.२ ग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ‘ड’ दिल्यावर दीड वर्षात खुब्याच्या मोडी ४३ टक्क्यांनी घटल्या. मग वर्षाचा सगळा डोस एकदाच का नको? ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर हे करून पाहिले. वर्षातून एकदा ५ लाख युनिट मिळालेल्या गटात, २०१० च्या अहवालानुसार, पडणेही वाढले आणि मोडीही. आपल्याकडे दवाखान्यात ‘सहा लाखांचं इंजेक्शन’ मारण्याची पद्धत याच वाटेवरची आहे. कमतरता असताना आठवड्याला ६०,०००ची पुडी आठ आठवडे ठीक. त्यानंतर चिठ्ठी न बदलता वर्षानुवर्षे तीच घेणे नव्हे.

जेवणाकडे तर अजूनही कोणी पाहत नाही. जिनिव्हात १९९० मध्ये खुबा मोडलेल्या ५९ वृद्धांपैकी काहींना रोज २० ग्रॅम प्रथिने आणि सुमारे २५० कॅलरी जास्तीच्या दिल्या, तेवढ्याने गुंतागुंत कमी झाली. ५० किलोच्या आजींना दिवसाला ६० ग्रॅम प्रथिने लागतात. पेज आणि मऊ भातावर ती वीससुद्धा भरत नाहीत. दोन अंडी बारा ग्रॅम, दोन पेले दूध तेवढेच, दोन वाट्या घट्ट वरण तितकेच. उरलेले पनीर, मासे, उसळ यांतून. पाया सूपवर फार भिस्त ठेवू नये, हाडातले कॅल्शियम त्यात फारसे उतरत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे गणित डॉक्टरांकडून करून घ्यावे.

बॉल बदललेल्यांना आपल्या घरांची वेगळी अडचण असते. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली असेल तर सुरुवातीचे सहा ते बारा आठवडे मांडी घालणे, जमिनीवर बसणे, भारतीय शौचकूप तिन्ही बंद; गुडघा खुब्याच्या वर गेला आणि पाय आत वळला की गोळा निखळतो. कमोड खुर्ची शस्त्रक्रियेच्या आधीच घरात यावी. वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेत हवी, फार उंच असेल तर खांदे वर चढतात आणि आजी मागे कलतात.

आणि दुसरी मोड? ती टाळण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर ग्लासगोने १९९९ च्या सुमारास दिले. हाड मोडून आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला एक परिचारिका गाठे, तपासणी लावे, औषध सुरू होईपर्यंत पाठपुरावा करी. अशी व्यक्ती नसेल तर सारा भार डिस्चार्ज कार्डावर येतो, आणि त्यावर बहुधा टाके काढण्याचीच तारीख असते. डेनोसुमॅब हे हाडांची झीज दाबणारे इंजेक्शन घेणाऱ्यांच्या कार्डावर पुढच्या इंजेक्शनची तारीख तर ठळक हवी. ते दर सहा महिन्यांनी. महिन्याहून जास्त लांबले तर दबलेली झीज उसळून येते आणि पाठीचे एकाहून अधिक मणके एकदम दबू शकतात. बंद करायचे असेल, तर त्याजागी झोलेड्रोनिकसारखे दुसरे औषध सुरू करावे लागते.