किडनी आणि किडनी ट्रान्सप्लांट
मणक्याच्या दोन्ही अंगाला, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी एकेक किडनी असते, लांबी ११-१२ सेंमी, वजन दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर. एकेकीत दहा लाखाच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्या, खरं काम तिथं चालतं. मिनिटाला लिटरभर रक्त दोन्हीतून फिरतं, दिवसाला १८० लिटर पाणी गाळलं जातं, आणि त्यातलं ९९ टक्के परत रक्तात घेतलं जातं, लघवी होते ती दीड-दोन लिटर. म्हणजे परत घेणं हेच मोठं काम, मीठ किती ठेवायचं, पोटॅशियम किती सोडायचं तेही तिथंच ठरतं. रक्त तयार व्हायला लागणारं एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन पण किडनीच बनवते, म्हणून किडनीच्या पेशंटचं हिमोग्लोबिन उतरतं.

अडचण अशी की किडनी खराब होताना दुखत नाही. मुतखडा झाला की माणूस गडाबडा लोळतो न् लगेच दवाखाना गाठतो, पण शुगर-बीपीनं किडनी जात असली तर वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, रक्तात क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं दिसतं तेव्हा निम्मं काम गेलेलं असतं. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून आणून रोज खाणं हे पण एक कारण, ऊसतोडीच्या सीझनला तर कोण विचारतंय.

किडनी पार निकामी झाली की मग डायलिसिस, म्हणजे मशीननं रक्त गाळून घेणं, आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास. तासगाव-जतकडची माणसं मिरज गाठतात, साताऱ्याकडची कराड नाहीतर पुणे. हातात फिस्टुला करतात, म्हणजे धमनी आणि शीर जोडून देतात, त्यावर बोट ठेवलं की सारखी थरथर लागते, ती लागतीय ना हे रोज बघायचं, आणि त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, घागर नाही, वैरणीचा भारा नाही.

यातून सुटायचं तर ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याची किडनी बसवणं. त्यात शिवणकाम लवकर जमलं, रक्तवाहिन्या जोडायच्या पद्धतीसाठी आलेक्सी कॅरेलला १९१२ चं नोबेल मिळालं, पण दुसऱ्याची किडनी अंग धरून घेईना. १९३३ ला युक्रेनमध्ये यूरी वोरोनॉयनं मेलेल्या माणसाची किडनी लावली, ती चाललीच नाही. २३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनमध्ये जोसेफ मरेनं रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला लावली, अगदी एकसारखे जुळे म्हणून अंगानं ती परकी मानलीच नाही, रिचर्ड पुढं आठ वर्षं जगला. पण जुळा भाऊ किती जणांना असणार? वाट मोकळी केली अंगाचा हा विरोध दाबणाऱ्या गोळ्यांनी, १९६० च्या दशकात अ‍ॅझाथायोप्रिन, १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन. भारतातलं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट १९७१ ला तमिळनाडूत वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलात झालं.

जुन्या किडन्या बहुतेक वेळा काढत नाहीत बरं का, नवी खाली ओटीपोटात एका बाजूला बसवतात. गोळ्या मात्र जन्मभर, चुकवल्या की अंग किडनीवर उलटतं.

१९९४ च्या कायद्यानं किडनी विकणं-घेणं गुन्हा आहे. आईबाप, पोरं, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा, नातवंडं देऊ शकतात, बाकी कुणी द्यायची तर समितीची परवानगी लागते. देणारी बहुतेक करून आई नाहीतर बायको असते, बायकोलाच लागली की घरातले गप्प बसतात हे पण खरंय. घरात कुणाची जुळली नाही तर ब्रेनडेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेल्या माणसाच्या किडनीसाठी पुण्याच्या झेडटीसीसीच्या (अवयव वाटपाचं काम बघणारी संस्था) यादीत नाव लावायचं, आणि नंबर लागेपर्यंत डायलिसिसच्या वाऱ्या चालूच.