इंची लेथवर मिलिमीटरचे आटे: एक खुलासा

लीडस्क्रू (टूल पुढे सरकवणारा लेथचा लांब आट्यांचा दांडा) इंची असेल तर लेथवर मिलिमीटरचे आटे अंदाजेच पडतात, ही भोसरीच्या वर्कशॉपांतून वर्षानुवर्षे ऐकू येणारी समजूत चुकीची आहे. इंच म्हणजे नेमके 25.4 मिलिमीटर आणि त्याची पाचपट 127 होत असल्यामुळे, इंचाला चार आटे असलेल्या लीडस्क्रूवर 127 दातांचे चाक बसवून ते स्पिंडलकडील (जॉब फिरवणाऱ्या दांड्याकडील) 30 दातांच्या चाकाने फिरवल्यास पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) बरोबर 1.5 मिलिमीटर मिळते. 127 दातांच्या चाकाऐवजी 80 आणि 63 दातांची पर्यायी जोडी वापरली, तर 100 मिलिमीटरमागे सुमारे 0.0125 मिलिमीटर फरक पडतो, जो साध्या बोल्टला जाणवतही नाही. आटे बिघडतात ते बहुधा हाफ नट (टूलची गाडी लीडस्क्रूला जोडणारा, दोन भागांत उघडणारा नट) मध्येच उघडल्यामुळे. अशा कामात तो शेवटपर्यंत बंदच ठेवावा आणि प्रत्येक कापानंतर टूल मागे घेऊन मशीन उलटे फिरवावे.