हॅसलब्लाड कॅमेरे आणि डीजेआयची मालकी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुरुस्ती केंद्रात हॅसलब्लाड घेऊन येणारे ग्राहक कॅमेरा काउंटरवर ठेवता ठेवता हमखास एक प्रश्न विचारतात : कंपनी आता चिनी झाली ना, मग याचे सुटे भाग यापुढे मिळणार का? प्रत्येकाला तोंडी उत्तर देताना काही ना काही सांगायचे राहून जाते, म्हणून हे पत्रक छापले आहे. हॅसलब्लाड कंपनीशी किंवा तिची आताची मालक असलेल्या डीजेआय या चिनी ड्रोन कंपनीशी आमचा कोणताही व्यावसायिक करार नाही. पुढे दिलेली मते आमची स्वतःची आहेत.

आधी मालकीचा इतिहास पाहू. हॅसलब्लाड ही मूळची स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरातील व्यापारी पेढी असून ती 1841 मध्ये स्थापन झाली आणि पुढे तिने ईस्टमनच्या (म्हणजे कोडॅकच्या) छायाचित्रण मालाची स्वीडनमधील विक्री हाती घेतली. कॅमेरे बनवण्याचे काम व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू केले आणि तेही स्वीडिश हवाई दलासाठी, विमानातून छायाचित्रे घेण्याकरता. ड्रोन बनवणाऱ्या कंपनीने हॅसलब्लाड घेतल्याचे ज्यांना विपरीत वाटते त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की या कारखान्यातून बाहेर पडलेला पहिला कॅमेराही हवेतूनच वापरण्यासाठी होता. सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा 1600 एफ हा कॅमेरा 1948 मध्ये न्यूयॉर्क येथे सादर झाला. त्याचे पडद्याचे शटर नाजूक निघाले. ही अडचण 1957 च्या 500 सी मध्ये सुटली, कारण त्यात शटर बॉडीतून काढून लेन्समध्ये बसवले होते. आमच्याकडे दुरुस्तीला येणारे बहुतेक जुने कॅमेरे याच 500 सी च्या वंशातले आहेत.

व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी 1976 मध्ये कंपनी विकली आणि 1978 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर मालक बदलत राहिले. 2003 मध्ये बहुसंख्य हिस्सा श्रीरो समूहाकडे गेला आणि हा समूह हाँगकाँगचा होता, म्हणजे आशियाई मालकी डीजेआयच्या बरीच आधीची आहे. 2004 मध्ये डेन्मार्कची डिजिटल बॅक (कॅमेऱ्याच्या मागे फिल्मऐवजी बसणारा सेन्सरचा भाग) आणि स्कॅनर बनवणारी इमॅकॉन कंपनी हॅसलब्लाडमध्ये विलीन झाली, तर 2011 मध्ये व्हेंटिझ या गुंतवणूकदार संस्थेने कंपनी विकत घेतली. याच काळात, 2012 मध्ये, लुनार नावाचा कॅमेरा निघाला. आतून तो सोनीचा नेक्स-7 होता आणि वरून त्याला लाकडी मूठ व चकचकीत आवरण चढवून कितीतरी पट किंमत लावली होती. हॅसलब्लाडच्या नावाला खरा बट्टा लागला तो त्या वर्षी, आणि तेव्हा चीनचा काही संबंध नव्हता, हे आम्ही ग्राहकांना आवर्जून सांगतो.

डीजेआय ही शेन्झेन येथील कंपनी फ्रँक वांग यांनी 2006 मध्ये सुरू केली. नोव्हेंबर 2015 मध्ये तिने हॅसलब्लाडमध्ये अल्पसंख्य हिस्सा घेतल्याचे जाहीर झाले. पुढच्या जूनमध्ये हॅसलब्लाडने एक्स 1 डी सादर केला. आरसा नसलेला, हातात सहज मावणारा, मोठ्या सेन्सरचा असा कॅमेरा तोवर बाजारात नव्हता. मागणी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आली आणि कारखान्याची क्षमता अपुरी पडली. ऑर्डर भरपूर आणि हातात भांडवल नाही, अशा वेळी कारखानदाराची काय अवस्था होते हे कोणत्याही लहान व्यावसायिकाला वेगळे सांगायला नको. जानेवारी 2017 मध्ये बहुसंख्य हिस्सा डीजेआयकडे गेल्याच्या बातम्या आल्या. सौदा गाजावाजा न करता झाला, म्हणून अनेक ग्राहकांना तो पुष्कळ उशिरा कळला.

यापुढचे उत्तर आपल्याजवळ कोणता कॅमेरा आहे यावर अवलंबून आहे.

आपल्याजवळ 500 सी, 500 सी/एम, 501 सी/एम, 503 सीडब्ल्यू किंवा त्याच कुळातील फिल्मचा कॅमेरा असेल, तर मालकी बदलल्याने आपल्या कॅमेऱ्यावर काहीही परिणाम झालेला नाही. व्ही मालिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कॅमेऱ्यांचे उत्पादन 2013 मध्ये, म्हणजे डीजेआय येण्यापूर्वीच, बंद झाले. शिवाय या कॅमेऱ्यात हॅसलब्लाडने स्वतः बनवलेले होते ते बॉडी, फिल्म मॅगझिन (फिल्म ठेवण्याची मागची पेटी) आणि सगळ्यांना जोडणारी यंत्रणा. लेन्स जर्मनीच्या झाइसच्या, जुन्या सी लेन्समधील शटर काँपूरचे, तर 1982 पासूनच्या सीएफ लेन्समधील शटर प्रोंटरचे. आज आम्हाला खरी अडचण येते ती काँपूर शटरच्या मुख्य स्प्रिंगची. ती तुटली तर बदली स्प्रिंग शोधण्यात महिने जातात आणि बहुतेक वेळा ती दुसऱ्या निकामी लेन्समधूनच काढावी लागते. कंपनी आजही स्वीडिश मालकाच्या हाती असती तरी ही स्प्रिंग मिळाली नसती. म्हणून सी लेन्स विकत घेण्यापूर्वी एक सेकंदाचा वेग लावून शटर कानाजवळ धरून ऐकावे. घरघर एकसारखी चालून शेवटी स्वच्छ टक् असा आवाज यायला हवा. घरघर मध्येच अडखळत असेल तर वंगण वाळले आहे, ते आम्ही साफ करून देतो. आवाज येतच नसेल तर लेन्स परत करावी.

जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात या सौद्याचा वेगळाच उपयोग होताना दिसतो. “आता खरे स्वीडिश हॅसलब्लाड बनतच नाहीत, नंतर मिळणार नाही” असे सांगून विक्रेते भाव चढवतात आणि 1970 च्या दशकातील बॉडी 1990 च्या दशकातील म्हणून गळ्यात मारतात. त्यासाठी एक सोपी तपासणी आहे. मॅगझिन काढल्यावर बॉडीवर जो क्रमांक दिसतो, त्याच्या आधी दोन इंग्रजी अक्षरे असतात आणि ती उत्पादनाचे वर्ष सांगतात. सूत्र असे : व्ही, एच, पी, आय, सी, टी, यू, आर, ई, एस या दहा अक्षरांना अनुक्रमे 1 ते 9 आणि शेवटी 0 हे अंक द्यावेत. ती सलग वाचली की व्हिक्टर हॅसलब्लाड यांची आद्याक्षरे आणि पुढे ‘पिक्चर्स’ असा शब्द होतो, त्यामुळे लक्षात राहतात. क्रमांकाआधी यू-आर असेल तर बॉडी 1978 ची. मॅगझिनची बाहेरची पेटी आणि आत सरकणारा फिल्मचा भाग यांवरील क्रमांकांचे शेवटचे तीन आकडेही जुळले पाहिजेत. ते जुळत नसतील तर दोन वेगवेगळी मॅगझिन एकत्र केलेली असतात आणि चौकटींमधले अंतर बिघडण्याची शक्यता वाढते.

एक्स 1 डी, एक्स 1 डी टू, एक्स 2 डी किंवा 907 एक्स हे डिजिटल कॅमेरे ज्यांच्याजवळ आहेत, त्यांच्या बाबतीत मालक कोण आहे याला निश्चित महत्त्व आहे. फर्मवेअर, फोकस नावाचे संगणकावरील सॉफ्टवेअर, बॅटरी आणि सर्किट बोर्ड या सर्वांसाठी ग्राहक कंपनीवर अवलंबून असतो. ही अवलंबित्वाची स्थिती आम्हाला व्यक्तिशः आवडत नाही, तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर डीजेआयच्या काळात कॅमेरे सुधारले आहेत. सप्टेंबर 2022 च्या एक्स 2 डी मध्ये दहा कोटी पिक्सेलचा सेन्सर, बॉडीतच हाताचा कंप सावरणारी यंत्रणा आणि एक टेराबाइट साठवण आली. 2025 च्या पुढील आवृत्तीत फोकससाठी लायडार आला, आणि अंतर मोजण्याचे हे तंत्र ड्रोनच्या जगात चांगले परिचयाचे आहे. पैशांच्या ओढाताणीत असलेल्या जुन्या कंपनीला एकटीच्या बळावर हे जमले असते असे आम्हाला वाटत नाही. या कॅमेऱ्यांच्या इलेक्ट्रॉनिक भागांची दुरुस्ती आम्ही करत नाही. सेन्सरची बाहेरून स्वच्छता आणि लेन्सच्या पुढच्या काचेवरील बुरशीची प्राथमिक तपासणी एवढेच काम आम्ही घेतो. बाकीचे काम कंपनीच्या अधिकृत सेवेकडे पाठवावे.

जुनी बॉडी आणि नवा डिजिटल बॅक यांची जोडी ही या सौद्यातून जुन्या ग्राहकांच्या पदरात पडलेली सर्वांत चांगली गोष्ट. जानेवारी 2024 मध्ये आलेला सीएफव्ही 100 सी हा बॅक 1957 पासूनच्या बहुतेक व्ही मालिकेतील बॉडींवर फिल्म मॅगझिनच्या जागी बसतो. मात्र फिल्मवरील चौकट साधारण 56 बाय 56 मिलिमीटरची असते आणि या बॅकचा सेन्सर 43.8 बाय 32.9 मिलिमीटरचा आहे, म्हणजे क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी. त्यामुळे 80 मिलिमीटरची नेहमीची लेन्स अधिक जवळचे दृश्य दाखवते आणि 38 मिलिमीटरच्या बायोगॉन या रुंद दृश्याच्या लेन्सची रुंदी बरीचशी वाया जाते. मोठी रक्कम मोजण्यापूर्वी फोकसिंग स्क्रीनवर तेवढी चौकट पेन्सिलीने आखलेला पारदर्शक कागद ठेवून आठवडाभर पाहावे. पटले तरच घ्यावा.

ड्रोनविषयी थोडे. 2018 च्या मॅव्हिक 2 प्रो पासून डीजेआयच्या काही ड्रोनवर हॅसलब्लाडचे नाव असते. मॅव्हिक 2 प्रो मधील एक इंची सेन्सर 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा आहे आणि फिल्मच्या एका चौकटीचे क्षेत्रफळ त्याच्या सुमारे 27 पट भरते. रंग जुळवण्यात हॅसलब्लाडचा हात असेल, परंतु नाव तेच म्हणून चित्रही तेच अशी अपेक्षा ठेवू नये. काही मोबाइल फोनवर असणाऱ्या हॅसलब्लाडच्या नावाबद्दल आमचे मत याहूनही रोखठोक आहे आणि ते काउंटरवर विचारावे. भारत सरकारने 9 फेब्रुवारी 2022 च्या अधिसूचनेने पूर्ण बांधणीच्या आणि सुट्या संचाच्या रूपातील परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली असून संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांसाठीच अपवाद ठेवले आहेत. नातेवाइकांनी सामानातून आणलेले ड्रोन आमच्याकडे दुरुस्तीला किंवा विक्रीला आणू नयेत, ही विनंती.

शेवटी दुरुस्तीसाठी कॅमेरा आणण्याविषयी. लेन्स बॉडीवर बसत नाही किंवा बसलेली निघत नाही, ही आमच्याकडे सर्वाधिक येणारी तक्रार आहे. लेन्सच्या मागे कडेजवळ एक खाच असलेली छोटी फिरती दांडी असते आणि शटर भरलेले (म्हणजे स्प्रिंग ताणून तयार) असेल तर ती खाच शेजारच्या लाल ठिपक्याच्या रेषेत दिसते. तशी ती दिसत नसताना लेन्स जोर लावून बसवली की दोन्ही यंत्रणा एकमेकींत अडकतात. मग काही जण मागचे मॅगझिन काढतात, सहायक शटरची दोन पाती बोटाने बाजूला करतात आणि घरातला मोठा स्क्रू ड्रायव्हर आत घालून दांडी फिरवू पाहतात. हत्यार घसरले की लेन्सच्या मागच्या काचेवर कायमचा ओरखडा उठतो, आणि तो कोणत्याही किमतीत निघत नाही. कॅमेरा अडकला असेल तर लेन्स, बॉडी आणि मॅगझिन तसेच जोडलेले ठेवावे, आत रोल असल्यास तो काढू नये, डार्क स्लाइड (मॅगझिनमध्ये सरकवायची, प्रकाश अडवणारी पातळ पट्टी) घालून ठेवावी आणि संपूर्ण संच मऊ कापडात गुंडाळून आमच्याकडे आणावा.