कोई: साध्या कार्पच्या अंगावरचे रंग

तळ्यात शोभेसाठी पाळल्या जाणाऱ्या रंगीबेरंगी कोई माशाला दात असतात, पण त्याने तोंड कितीही मोठं उघडलं तरी तुम्हाला ते दिसणार नाहीत. कारण ते जबड्यात नसतात, घशात असतात. कल्ल्यांच्या मागे, घशाच्या खालच्या बाजूला एका हाडावर हे दात असतात आणि त्यांच्यासमोर, वरच्या अंगाला, एक टणक चकती असते. गोगलगाय आत आली की ती या दोन्हींमध्ये सापडते आणि तिच्या शंखाचा चुरा होतो. आपले दुधाचे दात एकदाच पडतात. कोईचे दात आयुष्यभर पडत राहतात आणि त्यांच्या जागी नवे येत राहतात. तळं साफ करताना कधीकधी तळाशी असा एखादा दात सापडतो, आणि मासे पाळणाऱ्यालाही तो कुणाचा हे चटकन कळत नाही.

घशात दात कशाला? हा मासा खातो कसा ते पाहिलं की कळतं. कोई चिखल उकरणारा मासा आहे. त्याचं तोंड किंचित खाली वळलेलं असतं आणि नळीसारखं पुढे येऊ शकतं. तळाचा गाळ तो तोंडभर ओढून घेतो. त्यात वाळू असते, सडलेली पानं असतात आणि मधूनच एखादी अळी किंवा बी असतं. तोंडाच्या आत टाळूवर एक मांसल, चव घेणारा भाग असतो. तो खाण्याजोगी वस्तू दाबून धरतो, बाकीचा गाळ मासा थुंकून टाकतो. पुढच्या काही क्षणांत पुन्हा तेच. हाताशिवाय केलेलं हे निवडणं-टिपणं इतक्या वेगाने चालतं की वरून पाहणाऱ्याला वाटतं, मासा उगाच पाण्याचे घोट घेतोय.

तोंडाच्या कडेला चार मिशा असतात, दोन लहान आणि दोन जरा मोठ्या. त्यांच्यावर चव ओळखणाऱ्या पेशी असतात, म्हणजे गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसत नसलं तरी कोई मिशांनी चाचपून खाणं शोधतो. गोल्डफिशला मिशा नसतात. दोन्ही मासे एकाच कुळातले आणि लहानपणी दिसायलाही सारखे, त्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. मिशा पाहा, प्रश्न मिटला.

कोईला जठरच नसतं. आपण जेवलेलं अन्न काही तास पोटाच्या पिशवीत थांबतं, तशी सोय त्याच्याकडे नाही. घशात दळलेलं अन्न थेट लांबलचक आतड्यात जातं. एकदाच भरपूर खाऊन दिवसभर निवांत राहणं त्याला जमत नाही, थोडं थोडं सतत खात राहावं लागतं. तळ्याच्या काठाशी गेल्यावर सगळे कोई तोंडं वर काढून गर्दी करतात ते याचमुळे. त्यांना कुणी उपाशी ठेवलेलं असतं असं नाही.

आणि तुम्ही काठाशी आलात हे त्यांना कळतं कसं? एक तर त्यांच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत बारीक छिद्रांची एक ओळ असते. पाण्याची हालचाल आणि थरथर तिथे जाणवते. दुसरं म्हणजे त्यांचे कान, जे बाहेरून दिसतच नाहीत. कोईच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यामुळे त्याला पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगता येतं. पाण्यातून आवाज आला की ही पिशवी थरथरते आणि ती थरथर चार जोड्या चिमुकल्या हाडांमधून डोक्यातल्या कानापर्यंत पोचते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० मध्ये या हाडांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना वेबरची हाडं म्हणतात. ज्या माशांकडे ही हाडं नसतात, त्यांच्यापैकी बहुतेकांपेक्षा कोईला खूपच चांगलं ऐकू येतं.

किती चांगलं? अमेरिकेत रोलंड इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेतल्या एवा चेस या संशोधिकेने तीन कोई माशांना संगीत ऐकवलं. ब्यूटी, ओरो आणि पेपी ही त्यांची नावं. एका बाजूला ब्लूज नावाचं अमेरिकी संगीत, दुसऱ्या बाजूला बाखचं युरोपी शास्त्रीय संगीत. ठरलेल्या प्रकारचं संगीत चालू असताना माशाने पाण्यातलं बटण दाबलं की खाऊ मिळे. मासे हे शिकले, आणि नंतर पूर्वी कधीच न ऐकलेल्या कलाकारांचं संगीत लावलं तरी ते कोणत्या प्रकारचं हे त्यांनी बरंचसं बरोबर ओळखलं. २००१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. माशांना संगीत आवडतं असं यातून सिद्ध होत नाही, त्यांना खाऊ आवडतो एवढं नक्की. पण दोन तऱ्हेच्या आवाजांतला फरक लक्षात ठेवणं ही काही लहान गोष्ट नाही.

आतापर्यंत सांगितलेलं सगळं, म्हणजे दात, मिशा, कान, जठर नसणं, हे साध्या तपकिरी कार्प माशालाही तंतोतंत लागू पडतं. कोई हा वेगळा मासा नाहीच. पूर्व आशियातल्या नद्यांमध्ये राहणारा अमूर कार्प म्हणून जो मासा आहे, त्याचाच हा रंगीत अवतार. रंग मात्र माणसाने निवडून निवडून आणलेले आहेत.

ही निवड सुरू झाली जपानच्या निगाता प्रांतात. यामाकोशी आणि ओजिया या भागांतली डोंगराळ गावं, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती आणि हिवाळ्यात माणूस बुडेल इतका बर्फ. बर्फ पडला की गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटायचा. मग खायला काय? शेतीला पाणी देण्यासाठी डोंगरावर तळी होती, त्यांत शेतकरी काळपट कार्प वाढवत आणि ते हिवाळ्यात खात. साधारण दोनशे वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, या माशांमध्ये अधूनमधून लाल किंवा पांढरट डाग असलेली पिल्लं दिसू लागली.

अशी पिल्लं कुणी मुद्दाम तयार केली नव्हती. प्रत्येक सजीवाच्या पेशीत शरीर कसं घडवायचं याच्या सूचना असतात, त्यांना जनुकं म्हणतात. आईवडिलांकडून पिल्लाकडे या सूचना उतरताना कधीतरी एखादी बदलते. रंगाच्या सूचनेत असा बदल झाला की पिल्लू वेगळं दिसतं. नदीत असं पिल्लू फार जगत नाही, कारण लाल-पांढरा मासा बगळ्याला लांबूनही दिसतो. शेतकऱ्याच्या तळ्यात मात्र त्याचं नशीब उघडलं. हा खायचा नाही, ठेवायचा, असं कुणीतरी ठरवलं. मग दोन रंगीत मासे एकत्र ठेवले, त्यांच्या पिल्लांतली सर्वांत रंगीत निवडली, ती मोठी झाल्यावर पुन्हा तेच. पुढच्या कित्येक पिढ्यांनी हा उद्योग चालू ठेवला.

१९१४ साली टोकियोत मोठं प्रदर्शन भरलं होतं. निगाताच्या लोकांनी आपले मासे तिथे नेले आणि डोंगरातल्या त्या छंदाची बातमी देशभर झाली. त्यातले काही मासे युवराज हिरोहितो यांना भेट दिले गेले. जेवणासाठी पाळलेला मासा शंभरेक वर्षांत राजवाड्याच्या तळ्यात जाऊन पोचला!

जपानी लोक या माशांना निशिकिगोई म्हणतात आणि रंगांप्रमाणे प्रत्येक प्रकाराला वेगळं नाव आहे. पांढऱ्या अंगावर लाल डाग असलेला तो कोहाकू. त्यावर काळे ठिपकेही असतील तर सांके. काळ्या अंगावर लाल-पांढरे पट्टे असतील तर शोवा. संपूर्ण अंग सोन्यासारखं चमकणारा ओगोन. आणि पांढऱ्या माशाच्या फक्त डोक्यावर एकच लाल गोल असेल तर तो तांचो. डोक्यावर लाल टिळा असलेल्या जपानी क्रौंच पक्ष्यावरून हे नाव पडलं. तांचो हवा म्हणून तांचो जन्माला घालता येत नाही. दोन तांचोंची पिल्लंही बहुतेक साध्या डागांची निघतात, आणि तो एक गोल नेमका जागेवर येणं हा नशिबाचा भाग असतो.

रंग येतात कातडीतल्या रंगपेशींमधून. काळा रंग मासा स्वतः तयार करतो, आपल्या केसांत असतं तेच मेलॅनिन. लाल-नारिंगी रंगाचं द्रव्य मात्र त्याला बनवता येत नाही, ते खाण्यातून मिळवावं लागतं. शेवाळ आणि कोळंबीसारखे जीव यांत ते असतं. म्हणून कोईच्या खाद्यात स्पिरुलिना नावाचं शेवाळ घालतात. अर्थात ज्या जागी लाल रंगपेशीच नाहीत तिथे कितीही स्पिरुलिना खाऊ घाला, लाल डाग उमटणार नाही. खाण्याने असलेला रंग गडद होतो, नवा तयार होत नाही. धातूसारखी चमक कशामुळे? कातडीतल्या काही पेशींत बारीक स्फटिक रचलेले असतात, ते प्रकाश परतवतात.

चांगला कोई मिळवणं किती कठीण आहे याची कल्पना अंड्यांच्या हिशोबावरून येते. मादी आपल्या वजनाच्या दर किलोमागे लाखभर किंवा त्याहूनही जास्त अंडी घालते. मोहरीच्या दाण्याएवढी ही अंडी चिकट असतात आणि पाणवनस्पतींना चिकटून राहतात. आईबाप त्यांची राखण करत नाहीत, उलट दिसली तर खाऊन टाकतात, म्हणून मासे पाळणारे मोठ्या माशांना लगेच बाजूला काढतात. पाणी वीस अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर चारेक दिवसांत पिल्लं बाहेर येतात. मग निवड सुरू होते. शोवाची जी पिल्लं काळी जन्मतात तीच पुढे खरी शोवा होतात, त्यामुळे ती अगदी पहिल्या काही दिवसांतच वेगळी काढतात. कोहाकूची निवड महिना-दीड महिना थांबून करतात. बोटुकली होईपर्यंत पुन्हा पुन्हा निवड होते आणि हजारो पिल्लांतून मोजकीच उरतात. निवड न झालेल्या पिल्लांचं बहुतेक वेळा काही चांगलं होत नाही, हेही खरं आहे. चांगल्या कोईची किंमत एवढी का असते याचं उत्तर या निवडीत आहे. २०१८ मध्ये जपानमधल्या एका लिलावात १०१ सेंटिमीटर लांबीची कोहाकू मादी २० कोटी येनांहून अधिक किमतीला विकली गेली होती. एका माशाला एवढे पैसे मोजणं मला अजूनही विचित्र वाटतं, पण लिलावात बोली लावणाऱ्यांना तसं वाटलं नसावं.

नीट सांभाळला तर कोई पंचवीस-तीस वर्षं सहज जगतो, काही त्याहून जास्तही. जपानमध्ये हानाको नावाची एक लाल कोई होती. १९७७ मध्ये ती मेली तेव्हा तिचं वय २२६ वर्षं असल्याचं सांगितलं गेलं. हे वय काढलं होतं खवल्यावरून. उन्हाळ्यात मासा भराभर वाढतो, थंडीत वाढ जवळपास थांबते, आणि त्याच्या खुणा खवल्यावर वर्तुळांसारख्या उमटतात. पण मासा म्हातारा झाला की ही वर्तुळं एकमेकांना इतकी चिकटतात की मोजणं भरवशाचं राहत नाही. त्यामुळे अनेक शास्त्रज्ञ २२६ हा आकडा मानत नाहीत.

थंडीत कोई करतो काय? त्याचं शरीर पाण्याइतकंच गार होतं. पाणी दहा अंशांखाली गेलं की पचन मंदावतं आणि तो खाणं सोडतो. तळ्यावर बर्फ धरला तरी खोल पाणी चार अंशांच्या आसपास राहतं, कारण त्या तापमानाचं पाणी सर्वांत जड असतं आणि तळाशी बसतं. मासे तिथे जवळजवळ न हलता हिवाळा काढतात. वरचा बर्फ हातोडीने फोडायचा नसतो, तो हादरा माशांना इजा करतो.

एवढा मोठा होणारा मासा काचेच्या गोल भांड्यात ठेवायची कल्पना कुणी काढली तर ती तिथेच मोडून काढावी. कोई दोन फुटांच्याही पुढे जातो. त्याला मीटरभर तरी खोल तळं लागतं आणि पाणी गाळण्याची व्यवस्था लागते. तो कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, आणि अमोनिया त्याच्यासाठीच विष आहे. गाळणीत वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू जमायला काही आठवडे लागतात, म्हणून नव्या तळ्यात एकदम खूप मासे सोडत नाहीत. नळाच्या पाण्यातलं क्लोरिनही आधी काढावं लागतं, नाहीतर कल्ले भाजल्यासारखे होतात.

मग मासा फार मोठा झाला, सांभाळणं जमेना, तर नदीत सोडायचा का? मुळीच नाही. न्यूझीलंडमध्ये वाइकाटो नदीत कोई पसरले आहेत आणि तिथल्या कायद्यात ते उपद्रवी मासे ठरले आहेत. ते गाळ उकरतात, पाणवनस्पती मुळासकट उपटतात, पाणी गढूळ झालं की तळापर्यंत ऊन पोचत नाही आणि तिथल्या मूळच्या माशांचं खाणं-राहणं दोन्ही जातं. शिवाय कोईंना होणारा एक घातक विषाणू साध्या कार्पलाही मारतो. माणसाला त्यापासून धोका नसतो, पण नदीतल्या कार्पसाठी तो साथ ठरू शकतो. नको झालेला कोई विकणाऱ्याला परत द्यावा किंवा तळं असलेल्या दुसऱ्या कुणाला द्यावा.