हप्ता थकला म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत

'ठाणे कोर्टातून वॉरंट निघालंय, चारच्या आत भरा.' कळवा असो की घणसोली, पर्सनल लोन थकलेल्यांना असे फोन येतातच. विनातारण कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे. बँक दावा लावेल, लवाद नेमेल, सिबिल बिघडवेल. नुसत्या थकबाकीसाठी अटक होत नाही. व्हॉट्सअॅपवर अशोकस्तंभाचा शिक्का मारलेली पीडीएफ आली तर त्यावरचा 16 अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र नंबर) न्यायालयांच्या ई-कोर्ट्स वेबसाइटवर टाकून पाहा. क्रमांकच नसेल तर समजून जा. लोकअदालतीची नोटीस मात्र खरी असू शकते. ती तडजोडीचं बोलावणं असते, वॉरंट नव्हे.

खरी मेख वेगळीच आहे. दिलेला चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स (चेकविषयक) कायद्याचं कलम 138 लागतं, आणि खात्यात पैसे नसल्यामुळे ऑटो-डेबिट परत गेलं तर 2007 च्या पेमेंट कायद्याचं कलम 25. दोन्हींत 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण आधी लेखी नोटीस यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम भरली तर गुन्हा होत नाही. म्हणून पोस्टमनला 'घरी नाही' सांगून रजिस्टर पाकीट परत पाठवू नका. नाकारलेली नोटीसही मिळाली असंच धरतात.

वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. नातेवाइकांना छळणंही चालत नाही. कॉल रेकॉर्ड करा, बँकेकडे लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार फुकट आहे, वकील लागत नाही.